पद्मिनीच्या पोटाखालचं जुनं डांबर काढायचंय (गुहागर, खारा वारा, १९८२चं मॉडेल)

सड्यावरचा | ८ नोव्हेंबर, रात्री ९:१२

मंडळी, १९८२ची प्रीमिअर पद्मिनी आहे, मुंबईच्या मामांची. आता गुहागरला आमच्याकडे असते. इंजिन, गिअरबॉक्स ठणठणीत, वरून रंगही बरा. यंदा पावसाळा सरल्यावर गाडी खालून धुतली तर मागच्या उजव्या मडगार्डाच्या आत डांबराचा एक पोपडा लोंबत होता. ओढला, तर भाकरीएवढा तुकडा हातात आला आणि त्याच्या आतल्या बाजूला पत्र्याची तपकिरी साल चिकटलेली. मागचा पत्रा ओला होता. पाऊस जाऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते!

मामा हौसेने अधूनमधून 'कोटिंग' करून घ्यायचे, त्यामुळे थरावर थर आहेत. वर रबरासारखं काळं, त्याखाली कडक खडबडीत डांबर, सांध्यांतून तेलकट चिखल. इथल्या एका गॅरेजवाल्याचं म्हणणं, 'काढताय कशाला, वरून अजून एक हात मारून देतो, दहा वर्षं बघायला नको.' मला हे पटत नाही.

विचारायचं असं की काढायचं कशाने? हीट गन, ग्राइंडरला तारेचा ब्रश, केमिकल की सरळ ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने खडी मारून घासणं)? आणि पुढचा क्रॉस मेंबर (आडवी तुळई), आर्म (चाक धरणारे दांडे), मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), प्रॉपेलर शाफ्ट (मागची चाकं फिरवणारा लांब दांडा) हे सुटे करून लोट्याला एमआयडीसीत पाठवावेत का? घरी हवा मारायचा छोटा कॉम्प्रेसर आहे, वेळ आहे, घाई नाही.

---

हापूसची_पेटी | ८ नोव्हेंबर, रात्री ९:४०

वाचनखूण साठवली. आमच्याकडे १९७६ची आहे. डांबर काढल्यावर गाडी उरेल का, एवढीच शंका आहे.

---

१२_१३चा_पाना | ८ नोव्हेंबर, रात्री १०:५५

पेटीभाऊ, हसण्यावारी नेऊ नका, शंका रास्त आहे. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नाही. फ्लोअर, दोन्ही बाजूंचे सिल (दारांखालच्या पोकळ पट्ट्या) आणि पुढच्या-मागच्या पत्र्याच्या पेट्या मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. खालचा पत्रा गेला तर ताकदच गेली, आणि हे डांबर ती गेलेली ताकद छान झाकून ठेवतं.

सड्यावरचे, हीट गनच्या आधी एक जुना स्क्रू ड्रायव्हर आणि छोटी हातोडी घ्या. सगळ्या पोटावर हलके ठोके मारत जा. जिथे टणटण वाजेल तिथे पत्रा आहे. बद्द आवाज आला तिथे खडूने खूण करा आणि स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबा, मारू नका. आत गेला तर ती जागा डेंटरची, तुमची नाही. पाट्यांचे हँगर जिथे बॉडीला जोडलेत ती जागा, सिलची खालची कड आणि जॅक लावायची जागा सगळ्यात आधी बघा.

काढायची पद्धत माझी जुनी आहे. कडक झालेलं डांबर थंड असताना तडकतं, म्हणून सकाळी लवकर बोथट पटाशी आडवी धरून टिचक्या मारायच्या. मोठे पोपडे असेच पडतात. जे चिवट आहे त्याला हीट गन. गन एका जागी रोखून धरायची नाही, फिरवत राहायचं. डांबर नुसतं मऊ व्हायला हवं, धूर यायला लागला म्हणजे जास्त झालं. लगेच पुट्टीच्या पत्र्याने उचलायचं. दुपारी उन्हात हे काम करू नका, डांबर चिकट होतं आणि खरवडण्याऐवजी नुसतं फासलं जातं.

ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून थेट डांबरावर जाणारे खूप बघितले. घर्षणाने डांबर वितळतं, ब्रश भरतो आणि उरलेलं तोंडावर उडतं. वर तारा सुटून येतात त्या वेगळ्याच. ब्रश शेवटी गंजाला, तोही डोळ्याला पूर्ण झाकणारा चष्मा आणि तोंडावर शील्ड लावून. त्यापेक्षा हलणाऱ्या पात्याचं मल्टिटूल मिळतं, त्याला खरवडायचं पातं लावलं तर कोपऱ्यांत उत्तम चालतं.

आणि ब्लोलॅम्प (उघड्या ज्योतीचा) नको म्हणजे नकोच. फ्लोअरच्या वर गालिचा आणि वायरिंग आहे, खाली पेट्रोलचा पाइप आहे. टाकी, पाइप, बॅटरी निघाल्याशिवाय खाली कसलीही उष्णता न्यायची नाही.

---

सड्यावरचा | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

पाना काका, ठोके मारून झाले. डावा सिल टणटणीत. उजव्या सिलला मागच्या टोकाकडे वीतभर बद्द. ड्रायव्हरच्या पायाखाली एक जागा शंकास्पद, पण स्क्रू ड्रायव्हर आत गेला नाही. मागच्या दोन्ही मडगार्डांत पोपडे.

गाडी सध्या चार बाजूंना जांभ्याचे दोन-दोन चिरे ठेवून त्यावर आहे, खाली सरपटत जाता येतं. टाकी उद्या उतरवतो.

---

मालवणी_मसालो | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४४

अरे बाबानू, गाडी चिऱ्यार ठेवून तिच्या खाली जावू नकात! चिरो कधी फुटात सांगाक येवचा नाय. माझ्या डोळ्यादेखत फुटलेलो आसा, नशीब तेव्हा खाली कोण नव्हतो.

---

१२_१३चा_पाना | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ८:०१

मसालोंना शंभर टक्के अनुमोदन. जांभा घर बांधायला चांगला, सगळीकडून सारखा भार आला तर. इथे टेकू एका टोकावर येतो आणि वरून तुम्ही हातोडी मारणार. आत पोकळ नळ्या असतात दगडाला, कुठून उभा चिरेल ते बाहेरून दिसत नाही. लोखंडी स्टँड घ्या, ते सिमेंटच्या कोब्यावर किंवा जाड फळीवर ठेवा. काढलेली चाकं सिलखाली आडवी सारून ठेवा, तेवढाच दुसरा आधार. आधी हे करा, मग पुढचं बोलू.

---

सड्यावरचा | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ८:२०

चार स्टँड चिपळूणहून उद्याच आणतो. तोवर खाली जात नाही.

---

सुमेधा_दापोली | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

आमच्या सासऱ्यांची 'डुक्कर फियाट' (पद्मिनीच्या आधीची जुनी फियाट) आम्ही याच वाटेने नेली, म्हणून थोडं रसायनांविषयी. रसायनशास्त्र शिकवते, सवयीने लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी ओळखा की थर कशाचा आहे. फडक्यावर थोडं डिझेल घेऊन थर पुसा. फडकं चहासारखं तपकिरी होऊन थर विरघळायला लागला तर ते बिटुमेन, म्हणजे साधं डांबर. काहीच झालं नाही, थर नखाने दाबला की परत वर येतोय, तर तो रबर किंवा पीव्हीसीवाला. तुमचा वरचा 'रबरासारखा' थर दुसऱ्या जातीचा वाटतो. पीव्हीसी तापवताना फार जपायचं. ते जास्त तापलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. घशाला त्रास वेगळा, शिवाय ओलाव्यात त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन उघड्या पत्र्यावरच बसतं. त्याला मऊ होईपर्यंतच ऊब द्या आणि ओढून काढा, बऱ्याचदा पट्टीच्या पट्टी निघते.

बिटुमेनला डिझेल पुरतं. पूर्वी रॉकेल वापरत. पेट्रोल अजिबात नको, थिनरही मोकळ्या हवेतच. दोन्हींची वाफ हवेपेक्षा जड असते, गाडीखाली आणि पिटमध्ये साठून राहते. डिझेल फडक्याने लावा, त्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवून ठेवा म्हणजे ते मुरतं. मात्र ब्रेकचे रबरी होज आणि आर्मचे बुश यांना डिझेल लागू देऊ नका, रबर फुगतं. ते तसेही बदलणार असाल तर प्रश्न नाही.

कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी लोखंडाच्या सुट्या भागांवरची तेलकट घाण आणि जुना रंग काढायला चांगलं, जाड डांबरावर त्याचा फार उपयोग नाही. त्यात ॲल्युमिनियमचा तुकडा चुकूनही टाकू नका, हायड्रोजन सुटतो आणि तुकडा खलास होतो. दुकानातल्या जुन्या प्रकारच्या पेंट रिमूव्हरमध्ये मेथिलीन क्लोराइड असतं. युरोप-अमेरिकेत ते घरगुती वापरासाठी बंद केलंय, कारण बंद जागेत वापरून माणसं दगावली आहेत. गाडीखाली झोपून तर मी ते वापरणारच नाही.

जुन्या अंडरकोटिंगमध्ये पूर्वी ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळत असत. तुमच्यात आहेत की नाहीत हे डोळ्यांनी कळणार नाही. म्हणून कोरडं घासू नका, धूळ उडू देऊ नका. डिझेलने किंवा पाण्याने ओलं ठेवून खरवडा. नाकाला साधा रुमाल पुरत नाही, धुळीचा नीट बसणारा मास्क लावा.

शेवटचं, गाडीखाली जाड ताडपत्री घालाच. जांभ्यातून पाणी कसं झिरपतं हे तुम्हाला मी सांगायला नको. डिझेल-डांबराचा राडा सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या माळावर, सांडला तर तो पावसात कुणाच्या तरी विहिरीत उतरणार, बहुतेक तुमच्याच.

---

गंजेश | ११ नोव्हेंबर, दुपारी २:०५

सगळ्यांचं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे. सगळंच काढायचा हट्ट कशासाठी? पटाशीची धार थराच्या कडेत घालून बघा. थर उचलताना तडकून सुटला आणि मागे तपकिरी दिसलं तर तो भाग पूर्ण काढा, चांगल्या भागात चार बोटं आत शिरेपर्यंत. पण थर सुटतच नसेल, नुसता घासला जात असेल आणि खाली कोरडं प्रायमर दिसत असेल, तर तो थर आजही काम करतोय. त्याला हात लावून तुम्ही चांगला पत्रा उघडा पाडता, तोही समुद्राकाठी. सांध्यांमधलं मूळ सीलरही लोक उत्साहात उकरून काढतात आणि मग तिथूनच पाणी आत शिरतं.

---

१२_१३चा_पाना | ११ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

गंजेशराव, एक कोटिंग असतं तर मान्य केलं असतं. इथे थर कुणी कशावर मारले कुणास ठाऊक. वरचा थर खालच्या थराला घट्ट आहे, खालचा पत्र्याला घट्ट आहे का हे बाहेरून कसं कळणार? मडगार्ड, सिल आणि हँगर पूर्ण उघडेच करायचे. मधलं सपाट फ्लोअर तुमच्या पद्धतीने तपासून ठेवलं तरी चालेल, एवढी तडजोड करतो.

---

गंजेश | ११ नोव्हेंबर, दुपारी ३:५२

पान्याने तडजोड केली, धागा छापून ठेवा रे कुणीतरी.

---

बोटीवरचा_सेकंड | १२ नोव्हेंबर, रात्री ११:४८

सुट्टीवर रत्नागिरीला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. जहाजावर आमचं अर्धं आयुष्य गंज आणि रंग यांच्यात जातं.

मूळ पोस्टमधला 'पाऊस जाऊन बरेच दिवस झाले तरी पत्रा ओला' हा मुद्दा सगळ्यांकडून सुटला. तो पावसाचा ओलावा नाही, मिठाचा आहे. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला तर ३३ टक्के आर्द्रताही पुरते. कोकणात किनाऱ्यालगत एवढी कोरडी हवा कितीदा असते? म्हणजे पोपड्यामागे एकदा खारं शिरलं की ती जागा बारमाही ओली. वरून नवीन हात मारणं म्हणजे ते मीठ आत सीलबंद करणं. तुमच्या गॅरेजवाल्याला हे सांगा.

म्हणून डांबर काढणं हे अर्धंच काम. पत्र्यावरचं मीठ धुतलं पाहिजे, आणि गंज घासायच्या आधी. आधी घासलं तर तेल आणि मीठ खड्ड्यांत आणखी खोल जातं. साबणाच्या पाण्याने डिझेलचा अंश काढा, मग गोड्या पाण्याने भरपूर धुवा, प्रेशर वॉशर असेल तर उत्तम. पाणी कुठलं घेता तेही बघा. खाडीजवळच्या विहिरी उन्हाळ्याकडे मचूळ होतात, त्या पाण्याने धुतलंत तर धुतलं नाही असंच समजा. मग घासा, आणि पुन्हा एकदा धुवा. जहाजाच्या बॅलास्ट टाक्या (तोल राखायला समुद्राचं पाणी भरतात त्या) रंगवताना पत्र्यावर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मीठ चालत नाही असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. चिमूटभरही नाही ते. त्याहून जास्त राहिलं की रंगाखाली पाण्याचे फोड येतात.

दुसरं म्हणजे दव. उघड्या पत्र्यावर प्रायमर मारताना हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांखाली आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होतं) किमान ३ अंशांनी जास्त हवं. दुपारी हवा २८ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर दवबिंदू २३च्या आसपास येतो. पत्रा २८ला, निर्धास्त मारा. तीच हवा संध्याकाळी २४वर आली आणि आर्द्रता ९० झाली की दवबिंदू २२च्या वर. फरक दोन अंशही उरला नाही. डोळ्याला पत्रा कोरडा दिसेल, पण प्रायमर पाण्याच्या अदृश्य थरावर बसेल. आपल्याकडे हिवाळ्यात चार-साडेचारनंतर प्रायमरचा डबा उघडायचा नाही.

आता या दोन गोष्टींतून काम कसं आखायचं? पाना काका सकाळी डांबर तडकवा म्हणाले ते बरोबर, पण सकाळी दव असतं आणि उघडा पत्रा इथे तासाभरात पिवळा पडतो. त्यामुळे सकाळच्या कामात पूर्ण पत्र्यापर्यंत जाऊच नका. जाड थर काढा, शेवटची काळी पातळ साय तशीच ठेवा. अख्खं पोट अशा काळ्या डागाळलेल्या अवस्थेत महिनाभर राहिलं तरी बिघडत नाही. मग कोरडा दिवस बघून एक तुकडा धरा, समजा एक मडगार्ड. नऊ-दहाला दव उडालं की साय डिझेलने पुसा, धुवा, घासा, परत धुवा, हवा मारून सुकवा, आणि तीनच्या आत प्रायमर. संध्याकाळपर्यंत जेवढं प्रायमरखाली जाईल तेवढंच सकाळी उघडायचं.

प्रायमर दोन डब्यांचा इपॉक्सी, झिंक फॉस्फेटवाला. त्याखाली आम्लाचा वॉश प्रायमर नको, दोघांचं पटत नाही. फॉस्फोरिक ॲसिडचं 'रस्ट रिमूव्हर' वापरलंत तर तेही पूर्ण धुऊन काढा, नाहीतर इपॉक्सी नीट सुकत नाही.

अवांतर: दमट हवेतही सुकणारे जे जहाजी इपॉक्सी मिळतात, त्यांच्या हार्डनरमध्ये काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेलं रसायन असतं. आपले जुने लोक होडीला काजूचं तेल फासत होतेच की.

---

मालवणी_मसालो | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

आमच्या आज्यान होडयेक तांच लावल्यान. हाताची कातडी सोलान निघायची त्या तेलान. गाडयेक लावूक सांगू नकात कोणाक.

---

सुमेधा_दापोली | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

मसालोदादा, अगदी. कच्चं टरफलाचं तेल त्वचा भाजतं. सेकंड म्हणतात ते शुद्ध करून, रूप बदलून वापरलेलं. ब्रेकच्या लायनरच्या मसाल्यातही तेच असतं, तेव्हा पद्मिनीत काजू आधीपासूनच आहे.

---

हापूसची_पेटी | १३ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

दोन बाळबोध प्रश्न.
परदेशातल्या व्हिडिओंत कोरडा बर्फ टाकून डांबर फोडताना दाखवतात. मिरकरवाड्याला मासळीचा बर्फ हवा तेवढा मिळतो, तो चालेल का?
आणि ब्लास्टिंगला समुद्राची वाळू का नाही वापरत? समोरच पडलीये.

---

बोटीवरचा_सेकंड | १३ नोव्हेंबर, दुपारी १:०५

कोरडा बर्फ म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंश. त्या थंडीत डांबर काचेसारखं फुटतं. मासळीचा बर्फ शून्यावर, शिवाय वितळून पाणीच करणार. कोरडा बर्फही पोटाला खालून लावता येत नाही, ठरत नाही तिथे. गाडीच्या आत गालिचाखाली आवाज दाबायला डांबराचे तक्ते चिकटवलेले असतात, त्यांवर तो पसरवून, थांबून हातोडी मारली की तुकडे होतात. दारं सगळी उघडी ठेवून. बंद गाडीत तो वायू जीव घेतो.

वाळूचं विसरा. एक तर ती उचलायला बंदी आहे. दुसरं, तिचा कण घासून गोल झालेला, तो कापत नाही. तिसरं, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा. कुठलीही सिलिका वाळू ब्लास्टिंगला वाईटच, तिच्या धुळीने फुप्फुसं कायमची निकामी होतात. गार्नेट किंवा कॉपर स्लॅगची खडी वापरतात का एवढं दुकानात शिरल्याशिरल्या विचारा.

---

१२_१३चा_पाना | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४५

आता सुट्या भागांबद्दल. क्रॉस मेंबर, आर्म, पाट्यांच्या प्लेटा, यू-बोल्टच्या बैठका, रिअर हौसिंग (मागच्या एक्सलचं कवच), हे ब्लास्टिंगला द्या. पण डांबरासकट पाठवू नका. रबरी थरावर खडी आपटून उडते, दुकानदार तासाचे पैसे लावतो आणि भाग काळा तो काळाच परत येतो. घरी खरवडून, डिझेलने पुसून, धुऊन मगच द्या.

बॉलजॉइंट, बुश, बेअरिंग काढल्याशिवाय आर्म देऊ नका. हौसिंग देत असाल तर आतलं सगळं काढून तोंडं पत्र्याने बंद करा, खडीचा एक कणही डिफरन्शिअलमध्ये राहिला तर तुमचं ब्लास्टिंग फार महागात पडेल. फ्लोअर, मडगार्ड असा पातळ सपाट पत्रा ब्लास्टिंगला नको, तापून आणि ठोकून फुगतो.

पाट्यांना वेगळा न्याय. मधला बोल्ट सोडण्याआधी पाटे दोन्ही बाजूंना सी-क्लँपने आवळा, ताण असतो. सुटे झाले की ब्रशने घासा. पाटे आणि कॉइल स्प्रिंग तापवू नका, पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरतं. ॲसिडमध्येही बुडवू नका, पोलादात हायड्रोजन शिरून ठिसूळ होतं आणि पुढे भर रस्त्यात पाटा मोडतो. यू-बोल्ट तर नवेच घ्या.

प्रॉपेलर शाफ्टवर डांबराचे गोळे असतील तर काढायचेच, नंतर त्यावर कोटिंग मारायचं नाही. त्यावर वजनाचा छोटा पत्रा वेल्ड केलेला दिसेल, तो बॅलन्सचा असतो, घाण समजून उडवू नका. शाफ्ट काढताना दोन्ही फ्लँजवर खुणा करा आणि तसाच बसवा.

---

सुमेधा_दापोली | १३ नोव्हेंबर, रात्री ८:००

हल्ली सगळे चार्जर आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात इलेक्ट्रोलिसिस करतात, म्हणून जोडते. गंजाला छान, डांबराला शून्य. डांबरातून वीज जात नाही. पाट्यांना तेही नको, वरचंच कारण. आणि चार्जरच्या प्लस टोकाला जोडायची पट्टी म्हणून स्टेनलेस स्टीलचा जुना चमचा टांगू नका, क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं.

---

सड्यावरचा | २१ डिसेंबर, रात्री ९:००

प्रगती सांगतो. स्टँडवर गाडी, टाकी उतरवलेली, जाड थर सगळा निघाला. वरचा रबरी थर सुमेधाताई म्हणाल्या तसा पट्ट्यांनी सुटला, खालचं डांबर पाना काकांच्या पटाशीने. सेकंड साहेबांची 'साय' ठेवून पोट तसंच आहे. मागचं उजवं मडगार्ड आणि हँगरची जागा पूर्ण करून प्रायमरखाली गेली. फ्लोअरचा मधला भाग गंजेशरावांच्या कसोटीत पास, त्याला हात लावला नाही.

उजव्या सिलच्या टोकाला मात्र आत पुट्टी निघाली. पत्रा नव्हताच, जाळी आणि पुट्टीवर डांबर. कुणी केलं ते मामांनाही आठवत नाही. तळहाताएवढं भोक आहे. डेंटर म्हणतो वरून पत्रा ठोकून ब्रासने झाळतो.

---

१२_१३चा_पाना | २१ डिसेंबर, रात्री ९:४१

ब्रास नको, सिल सांगाड्याचा भाग आहे. कुजलेलं चांगल्या पत्र्यापर्यंत कापा आणि कडेला कड जुळवून १८ किंवा २० गेजचा पत्रा सीओटूने (गॅस सोडणाऱ्या तारेच्या वेल्डिंग मशीनने) वेल्ड करा. ठिपक्या ठिपक्याने, एका दमात ओढलं तर पत्रा वाकतो. ठिगळावर ठिगळ ठेवलं की मध्ये परत खारं पाणी साठणार. वेल्डिंगच्या आधी चहूबाजूंनी वीतभर डांबर, साय, डिझेल काहीच नको, आतल्या बाजूनेसुद्धा. सिल पोकळ आहे, आत तेल मारलेलं असेल तर पेटतं. गालिचा काढा आणि पाण्याची बादली व फायर एक्स्टिंग्विशर घेऊन एक माणूस गाडीत बसवा. कापण्याआधी गाडीचे टेकू बघा, दार उघडून-लावून बघा. कापल्यावर दार अडायला लागलं तर बॉडी झुकली, तिथेच थांबा.

---

गंजेश | २२ डिसेंबर, सकाळी १०:१०

कापलेल्या तुकड्याचा आणि नव्या पत्र्याचा फोटो काढून ठेवा. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झाली की 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, २०२१च्या नियमांत बॉडी-चासीत मोठे बदल नकोत असं आहे. तुमची पाळी २०३२ला. दुरुस्ती मूळ आकारात केली हे दाखवता आलेलं बरं.

---

सड्यावरचा | २२ डिसेंबर, दुपारी १:३०

नोंद केली. आता शेवटचा प्रश्न, प्रायमरनंतर काय? घरचे म्हणतात परत डांबर मारून टाक. शेजारचे आबा म्हणतात जळकं ऑइल मार, त्यांच्या ट्रकला आयुष्यभर तेच.

---

बोटीवरचा_सेकंड | २३ डिसेंबर, रात्री १२:३०

आबांच्या ट्रकची चासी जाड आणि रोज रस्त्यावर. जळक्या ऑइलमध्ये आम्लं, धातूंचा चुरा, कातडीला घातक द्रव्यं असतात. शिवाय ते रबर खातं आणि पुढे कधी रंगवायचं म्हटलं तर काहीच धरू देत नाही. नको.

इपॉक्सीचे दोन हात, सांध्यांना पॉलियुरेथेन सीलर, मग चासी ब्लॅक (खालचा काळा रंग). डब्यावर पुढचा हात किती तासांत मारायचा ते लिहिलेलं असतं, ती वेळ उलटली तर घासूनच मारा. चाकांच्या मागे जिथे खडी उडते तिथेच स्टोनगार्डचा (खडीचा मार सोसणाऱ्या कोटिंगचा) पातळ थर, बाकी पोट रंगावरच ठेवा. गंज सुरू झाला तर दिसला पाहिजे. सिल आणि पेट्यांच्या आत मेण किंवा लॅनोलिन (लोकरीची चरबी), लांब नळीच्या नोझलने. त्याआधी पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा, डांबराने बुजलेली असणारच.

---

१२_१३चा_पाना | २३ डिसेंबर, सकाळी ८:१५

आणि दर पावसाळ्यानंतर पोट गोड्या पाण्याने धुवायचं.

---

नवा_गडी_देवगड | ४ जानेवारी, संध्याकाळी ५:५०

उशिरा आलो. माझी जुनी जीप आहे, चासी वेगळी, जाड लोखंड. सगळं हेच लागू का? बंदरातल्या एकाकडे नीडल गन (सुयांनी ठोकून गंज उडवणारं यंत्र) आहे, ती वापरू का?

---

बोटीवरचा_सेकंड | ५ जानेवारी, रात्री १:१०

चासीवर नीडल गन चालेल, आमच्या डेकवर रोज तेच असतं. पण गंजाच्या खपल्यांना, मऊ डांबराला नाही, त्यात सुया अडकतात. बॉडीच्या पत्र्याला लावलीत तर आरपार जाईल. मीठ धुणं आणि दवाची वेळ तुम्हालाही तीच. चासीच्या बंद पेट्यांत आत काय आहे ते टॉर्च घालून आधी बघा, आणि फोटो टाका.

---

नवा_गडी_देवगड | ५ जानेवारी, सकाळी ९:०५

रविवारी टाकतो. आत बहुधा चिमण्यांचं घरटं आहे.